चौदा नंबरचे सुसंस्कार

एकतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले, त्यांनी दिलेली खोटी उत्तरं गोळा केली, ती नीट तक्त्यात मांडली आणि गिऱ्हाइकांच्या हवाली केली. या उद्योगाला जनमत-संशोधन म्हणतात. माझी आई शेवटपर्यंत औरंगाबादेत सगळ्यांना 'तो सिंगापूरला कंप्युटरमध्ये आहे' असंच सांगायची. खरं सांगून पाहिलं होतं तिने एकदा. 'लोकांना काय वाटतं ते विचारतो' म्हटल्यावर समोरची बाई म्हणाली, "मग आम्हाला कसं नाही विचारलं कधी?" आणि रुसून बसली. तेव्हापासून कंप्युटर.

या मार्चमध्ये निवृत्त झालो. संपादकांनी 'अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा बायको, रत्ना, म्हणाली, "लिही, पण लोकांना खोटारडे म्हणू नकोस, अंक तेच विकत घेतात." तर आधीच खुलासा करतो. लोक खोटं बोलतात ते बहुतेक वेळा चांगुलपणापोटी. सिंगापूरला आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही एका नूडल्सची पाहणी केली होती. आंग मो किओच्या एका ब्लॉकमधल्या अंकलनी त्या नूडल्सला दहापैकी दहा दिले आणि 'आम्ही दोघं दर आठवड्याला खातो' असंही सांगितलं. त्या नूडल्स तोवर बाजारात आल्याच नव्हत्या. मी मुद्दाम परत जाऊन त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ती प्रश्न विचारणारी मुलगी उन्हात दहा मजले जिने चढून आली होती. माहीत नाही म्हटलं असतं तर तिचं काम वाढलं असतं." माझ्या नोकरीचा पहिला धडा मला या गृहस्थांनी दिला, तोही फुकट आणि वर संत्र्याचा रस पाजून.

दुसरा धडा मी पुण्याहूनच शिकून आलो होतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना मला भाड्याने खोली हवी होती. खोल्या पुष्कळ होत्या. घरमालक चहा द्यायचे, मार्क विचारायचे, मार्क ऐकून खूश व्हायचे. मग 'कागदपत्रं आणा' म्हणायचे, आणि जातीचा दाखला त्या कागदांत दिसला की चेहरा जरा कसनुसा करून सांगायचे, "आमचं काही नाही हो, आम्ही असलं काही मानत नाही. पण बिल्डिंगमधले लोक जरा वेगळे आहेत." हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात अकरा घरी ऐकलं. बाराव्या घरच्या मालकीणबाई कमी ऐकायच्या, त्यांनी कागद बघितलेच नाहीत, म्हणून माझं एम.एस्सी. झालं. त्या अकरा बिल्डिंगींतले 'जरा वेगळे' लोक मला कधी भेटले नाहीत. मात्र माणसाच्या स्वतःच्या पोटात काय आहे हे शोधायचं असेल तर त्याला शेजाऱ्याबद्दल विचारावं, हे मला तेव्हाच कळलं. पुढे नोकरीत हेच तंत्र इंग्रजी नावाने शिकवायला एक गोरा प्रशिक्षक आला, तेव्हा मी वही उघडलीसुद्धा नाही.

आडवळणाने विचारण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरू शकणार नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, त्यावरून काही कळत नाही. इथल्या मराठी मंडळींच्या फराळाला एकदा एक सद्गृहस्थ मला भेटले. आडनाव विचारून झालं, गाव विचारून झालं, गावात घर कुठल्या बाजूला हेही झालं. काही हाती लागेना, तेव्हा चकली मोडत सहज म्हणाले, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" इतका सफाईदार प्रश्न मला एकतीस वर्षांत बनवता आला नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे गणपती शून्य दिवसांचा. मी मात्र काय म्हणालो असेन? "दीड." 

परतताना एमआरटीत रत्नाने माझी जी काढली ती सगळी लिहिता येणार नाही. "दीड? विसर्जन कुठे करता विचारलं असतं तर काय सांगणार होतास? ईस्ट कोस्टच्या समुद्रात?" ती कॉलेजपासून 'मी बौद्ध' असं ठणकावून सांगत आलेली बाई. मी म्हटलं, "अगं, फराळाचा मूड कशाला घालवायचा." तिने विचारलं, "कोणाचा मूड?" तेवढ्यात आमचं स्टेशन आलं.

हे एवढं सगळं सांगितलं कारण पुढची गोष्ट एका अमेरिकन उमेदवाराची आहे, आणि तिच्यात मी सपशेल आपटलो आहे.

आमचं ऑफिस पाया लेबारला, मॉलच्या वरच्या एका मजल्यावर. अमेरिकेतल्या निवडणुकांचं काम आमच्याकडे घड्याळामुळे यायचं. तिकडे संध्याकाळी मतदारांना फोन जात, तेव्हा आमच्याकडे सकाळ. तिकडची माणसं झोपली की आम्ही त्यांच्या उत्तरांवर बसायचो आणि ती उठेपर्यंत तक्ते तयार. 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरं मशीन मोजतं. पण 'या उमेदवाराबद्दल तुम्ही काय ऐकलंय, काय वाटतं' अशा मोकळ्या प्रश्नाला माणूस वाट्टेल ते बोलतो. ते प्रत्येक वाक्य वाचून त्याला एक नंबर द्यायचा, म्हणजे कोड. 'रस्ते चांगले केले' तीन नंबर, 'भाषण कंटाळवाणं' नऊ नंबर, असं. शेवटी कुठल्या नंबरला किती, ते मोजायचं. काम हमालीचं, पण सगळा अहवाल त्यावर उभा असतो.

हे काम बघायचा कॅल्विन. सिंगापुरी चिनी, वय अडतीस, माझ्या हाताखाली अकरा वर्षं. मजकूर वाचण्यात पटाईत. आम्ही दोघं रोज दुपारी खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवर, जेवायचो, मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायचो आणि तो बार्लीचं पाणी. त्याला पित्ताचा त्रास असावा अशी माझी समजूत होती, आणि अकरा वर्षांत मी ती तपासून बघितली नव्हती. कॅल्विनचं बोलणं अर्थात इंग्रजी. इथे मी ते मराठीत आणतो आहे. त्याचा 'लाह' तेवढा तसाच ठेवतो, कारण त्याला मराठीत काही नाही.

तर आमचे उमेदवार. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक राज्य, गव्हर्नरची निवडणूक, आणि गृहस्थ धर्माने मॉर्मन. म्हणजे ख्रिस्ताला मानणारेच, पण इतर ख्रिस्ती मंडळी त्यांना आपल्यात धरायला कां-कूं करतात. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. तरुणपणी दोन वर्षं घरदार सोडून धर्मप्रचाराला जायचं. सोमवारची संध्याकाळ सगळ्या कुटुंबाने एकत्र घालवायची. पूर्वी कधीतरी त्यांच्यात अनेक बायका करायची चाल होती, ती मुख्य पंथाने केव्हाच सोडली, पण जगाच्या डोक्यातून ती काही जात नाही. त्या राज्यात ही माणसं अगदी थोडी. प्रचाराची सूत्रं डग नावाच्या माणसाकडे होती. त्याचा प्रश्न साधा होता. साहेबांचा धर्म मतदारांना खटकतोय की आवडतोय? खटकत असेल तर विषय काढायचा नाही. आवडत असेल तर टीव्हीवर जाहिरात करायची.

नेमकं त्याच वेळी कॅल्विनला लष्कराचं बोलावणं आलं. इथल्या पुरुषांना चाळिशीपर्यंत अधूनमधून गणवेश चढवून सरावाला जावं लागतं, आणि त्याला ऑफिस काही करू शकत नाही. दोन आठवड्यांसाठी त्याचं काम शीतलकडे आलं. शीतल पुण्याची, हुशार, कामाला वाघ. शेजारी चेन्नईचा एक, मनिलाची एक, आणि वर देखरेखीला मी.

उत्तरं येऊ लागली. 'हा माणूस कॉफीसुद्धा पीत नाही.' 'पाच मुलं, सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे.' 'ते लोक एकमेकांना धरून असतात.' 'सोमवारी घराबाहेर पडत नाहीत.' 'फार म्हणजे फारच सभ्य.' शीतल फाइल घेऊन माझ्याकडे आली.

"सर, हे सगळं एकाच कोडमध्ये टाकू? 'चांगले संस्कार'? चौदा नंबर रिकामा आहे."

"बाजू कुठली?"

"पॉझिटिव्हच ना सर. निर्व्यसनी, कुटुंबवत्सल. माझ्या मावसबहिणीला असा मुलगा शोधून शोधून आम्ही दमलो."

मी हसलो. खरं म्हणजे पाच मुलांचा बाप नसता तर वधूवर मेळाव्यात पहिल्या रांगेत बसवावा असाच माणूस होता. चेन्नईच्या पोराने मान डोलावली, मनिलाच्या बाईंनी 'सो नाइस' म्हटलं. मी सही केली. चौदा नंबरचा कोड भरभरून वाहू लागला. अहवालात आम्ही ठळक अक्षरांत लिहिलं की उमेदवाराचा धर्म ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे, ती लोकांसमोर जरूर आणावी. डगने आनंदाने ईमेल पाठवला. त्यांनी जाहिरात करायला घेतलीसुद्धा. उमेदवारांची आई, वय ऐंशीच्या पुढे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपल्या मुलाबद्दल आणि आपल्या प्रार्थनेबद्दल बोलते, अशी. पुढच्या सोमवारपासून ती टीव्हीवर जाणार होती.

बुधवारी कॅल्विन परत आला, उन्हाने काळवंडून. दुपारी जेवायला आला नाही. तीन वाजता फाइलचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आला आणि दार लावलं. अकरा वर्षांत त्याने दार कधी लावलं नव्हतं.

"बॉस, हे चौदा नंबर. ही स्तुती नाही लाह."

"म्हणजे? कॉफी पीत नाही यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. पण हे वाक्य कसं म्हणतात ते मला ठाऊक आहे. 'कॉफीसुद्धा'. तो 'सुद्धा' बघा."

"तुला कसं ठाऊक?"

त्याने फाइल बंद केली. "कारण मला रोज म्हणतात. मी मॉर्मन आहे."

मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "मग पित्ताचं काय?"

"कसलं पित्त?" कॅल्विन म्हणाला.

मग त्याने मला मागच्या वर्षीच्या ऑफिसच्या जेवणाची आठवण करून दिली. दहा जणांचं गोल टेबल, सगळ्यांसमोर बिअर, आणि त्याच्यासमोर पाणी. मी ग्लास उंचावून म्हणालो होतो, "आमचा कॅल्विन म्हणजे साधुसंत. बिअर नाही, कॉफीसुद्धा नाही. बाबा, तू जगतोस तरी कशासाठी?" टेबल हसून लोटपोट झालं होतं. मीच नव्हे का तो विनोदी माणूस. माझ्या हिशेबाने ती तारीफच होती.

"त्यानंतर," कॅल्विन म्हणाला, "शुक्रवारी सगळे बाहेर जातात, तेव्हा मला कोणी बोलावत नाही. आधी बोलवायचे. कोणी वाईट नाही बोललं, बॉस. सगळे चांगलंच बोलतात. फक्त बोलावत नाहीत."

मला एकदम पुण्यातले ते चहाचे कप आठवले. मार्क ऐकून खूश होणारी माणसं आठवली. मी असा माणूस, ज्याला हे सगळं अकरा वेळा घासून शिकवलं होतं, तो दुसऱ्या बाजूला जाऊन कधी बसला हे त्यालाच कळलं नव्हतं. 

तरी धंदा धंद्याच्या जागी. कॅल्विनला वाटतं म्हणून अहवाल बदलता येत नाही. पण तपासायला एक साधा तक्ता पुरे होता, जो मी आधीच काढायला हवा होता आणि वधूवर मेळाव्याच्या नादात काढला नव्हता. ज्यांना चौदा नंबर दिला, ते मत कोणाला देणार? त्याच फाइलमध्ये ते उत्तर पडलेलं होतं. पाच मिनिटांत तक्ता निघाला. 'फार सभ्य', 'इस्त्रीचे शर्ट', 'कॉफीसुद्धा नाही' असं कौतुक करणारे बहुसंख्य लोक विरुद्ध बाजूच्या उमेदवाराला मत देणार होते. आम्ही संस्कार म्हणून जे मोजत होतो, तो नकार होता.

मी तो कागद घेऊन आमच्या डायरेक्टर को बाईंकडे गेलो आणि डगला चूक कळवायची परवानगी मागितली. बाई सिंगापुरी, कामाला कडक, मनाने वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर माझ्या एम्प्लॉयमेंट पासचा नूतनीकरणाचा अर्ज सहीची वाट बघत पडला होता, तो मला उलटा दिसत होता. माझी मुलगी त्या वर्षी ओ-लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला. पास गेला तर महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, तोही तिच्या परीक्षेच्या तोंडावर. हे बाईंना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

"अहवाल गेलाय," बाई म्हणाल्या. "क्लायंट खूश आहे. निवडणुकीत काहीही होऊ शकतं लाह. तुम्ही काय सांगणार, आम्हाला इंग्रजी कळत नाही?"

"इंग्रजी कळलं, बाई. माणसं नाही कळली."

"मग ती चूक तुमची. कंपनीची नाही. असंच सांगणार असाल तर करा फोन."

"असंच सांगतो," मी म्हटलं.

रत्नाला त्या संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती कपाटावरची बॅग बघून म्हणाली, "तिची चेन तुटलीय. बदलून घे." मुलीने पुस्तकातून डोकं काढून विचारलं, "पा, यू गॉट फायर्ड ऑर नॉट येट?" मी म्हटलं, नॉट येट. "ओके लाह," म्हणून ती परत पुस्तकात गेली.

डगने फोनवर मला ज्या शिव्या घातल्या, त्यांतल्या निम्म्या मला नवीन होत्या. चूक माझी, असं मी तीनदा म्हणालो. मग तो शांत झाला आणि म्हणाला, "चार दिवसांत खरं काय ते सांगा." मी म्हटलं, प्रश्न मी लिहून देतो. मला तो लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'तुम्ही मॉर्मन उमेदवाराला मत द्याल का' असं आधी विचारलं होतं, आणि सगळ्यांनी 'अर्थात, धर्माशी काय संबंध' असं बाणेदार उत्तर दिलं होतं. आता विचारायचं, 'तुमच्या वस्तीतले बहुतेक लोक देतील का?'

उत्तरं आली आणि कॅल्विनने ती एकट्याने कोड केली, एकेक वाक्य. त्या राज्यात पूर्वग्रह असलेला माणूस एकही राहत नव्हता. फक्त प्रत्येकाच्या शेजारी एक राहत होता. 'मला काही नाही, पण इथले लोक जुन्या वळणाचे आहेत.' 'माझी हरकत नाही, चर्चमधल्या बाकीच्यांना पटणार नाही.' मी वाचत होतो आणि मला शब्दाशब्दाला सदाशिव पेठ दिसत होती. जाहिरात दाखवली तर उमेदवार नक्की पडणार, न दाखवली तर कदाचित तरतील, असा हिशेब निघाला. या वेळी मी तो चार बाजूंनी तपासला होता.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारची संध्याकाळ, डगने फोन जोडून दिला. पलीकडे स्वतः उमेदवार होते. हे आमच्यात होत नाही. उमेदवार आकडे बघतात, आकडे मोजणाऱ्याशी बोलत नाहीत. माझ्या खोलीत मी आणि कॅल्विन, मध्ये स्पीकर.

"लोक नेमकं काय म्हणाले, ते वाचून दाखवा," ते म्हणाले. आवाज थकलेला, पण मऊ.

मी म्हटलं, "सर, आम्ही सारांश केलाय."

"सारांश वाचला. वाक्यं वाचा."

मी वाचू लागलो. इतक्या वर्षांत हजारो उत्तरं वाचली असतील, पण ज्याच्याबद्दल ती आहेत त्याला तोंडावर कधी वाचून दाखवली नव्हती. इस्त्रीच्या शर्टाला ते हसले. "इस्त्री मी करतो," म्हणाले. एकाने म्हटलं होतं की याला किती बायका आहेत देव जाणे. त्यावर म्हणाले, "एकच आहे, आणि ती मला इस्त्री करायला लावते." नंतर नंतर हसणं थांबलं. वीस-बावीस वाक्यं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांशी ते नीट बोलले ना? उद्धटपणा केला नाही ना?"

"नाही सर. सगळे फार आदबीने बोलले."

"हं. आमचे लोक तसे सभ्य आहेत."

डग मध्ये पडला. "म्हणजे ठरलं. जाहिरात काढून घेऊ. उद्या सकाळी चॅनेलला कळवतो."

 मग उमेदवार म्हणाले, ते डगला नव्हतं, मला होतं. "माझी आई त्यासाठी पार्लरला गेली होती. तिने सगळ्या बहिणींना कळवलंय की सोमवारी टीव्ही लावा. तुमचा धंदा नाजूक गोष्टी शब्दांत बसवायचा आहे ना? मग मला एक वाक्य द्या. तिला काय सांगू?"

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षांचे प्रश्न, कोणालाही न दुखवता काहीही विचारायची सगळी कसरत, आणि एक वाक्य जमेना. 'तांत्रिक अडचण' असं काहीतरी जिभेवर आलं होतं, जसं फराळाच्या दिवशी 'दीड' आलं होतं. ते मी गिळलं. ते चूक की बरोबर हे ठरवायच्या आत कॅल्विन स्पीकरकडे झुकला.

"सर, मी इथे कोडिंग बघतो. मीही तुमच्याच चर्चचा. माझी आईही." त्याने स्पीकर जरा जवळ ओढला. "सर, आईंना यातलं काही सांगायची गरज नाही. त्या तिथे आयुष्यभर राहिल्यात. ही सगळी वाक्यं त्यांनी आपल्याआधी ऐकली असणार. माहीत असून त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या."

डग काहीतरी म्हणू लागला. उमेदवारांनी त्याला थांबवलं. ते म्हणाले, "हो. तिला माहीत असणार."

आणि मग म्हणाले, "सोमवारी जाहिरात टीव्हीवर जाऊ दे."

डगने फोन बंद झाल्यावर मला परत लावला आणि उरलेल्या निम्म्या शिव्या दिल्या. मी त्या मुकाट्याने ऐकल्या, कॅल्विनचं नाव येऊ दिलं नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की आपण लोकांचं मत सांगायचं, स्वतःचं नाही, आणि माझ्या खोलीत तो नियम मोडला गेला होता. कॅल्विन उठून जायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "त्या जेवणाच्या दिवशी मी जे बोललो, ते वाईट होतं. मला माफ कर." तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही पॉझिटिव्हमध्ये टाकलं होतं, बॉस." मी म्हटलं, "आता कोड बदल." तो हसला, पण थोडंच. इतक्या उशिरा मागितलेल्या माफीला एवढंच मिळतं, आणि ते बरोबर आहे.

माझ्या पासचं काय झालं ते सांगून टाकतो. को बाईंनी महिनाभर सही केली नाही. त्या महिन्यात मी बॅगेची चेन बदलून आणली. बाई म्हणाल्या, निकाल लागू दे, तुमचा दुसरा अहवाल तरी बरोबर येतो का बघू. म्हणजे गंमत बघा. आमच्या अंदाजाप्रमाणे साहेब पडले तर मी राहणार, मुलगी परीक्षेला बसणार. साहेब जिंकले तर मी दोनदा चुकलेला माणूस.

जाहिरात आम्ही ऑफिसच्या कंप्युटरवर पाहिली. म्हातारीचे केस छान बसवलेले होते. मुलगा लहानपणी कसा हट्टी होता ते सांगितलं, रोज रात्री कोणाकोणासाठी प्रार्थना करते ते सांगितलं. त्यात ज्यांना आपण आवडत नाही त्यांचीही गणती होती, आणि हे ती इतक्या सहज बोलली की शीतल नाक पुसत जागेवर गेली. कॅल्विनने ती तीनदा पाहिली.

निकाल आमच्या सकाळी लागत होता. कॅल्विन सात वाजताच आला होता. मी रत्नाने बांधून दिलेले पोहे घेऊन गेलो आणि आम्ही दोघं एकाच स्क्रीनसमोर बसलो. सुरुवातीचे दोन-तीन जिल्हे साहेबांच्या बाजूने गेले तेव्हा कॅल्विनने माझा दंड धरला. माझी नोकरी, मुलीची शाळा, भाड्याचा फ्लॅट, सगळं दुसऱ्या पारड्यात होतं, आणि तरी मी मनापासून सांगतो, मला त्या माणसाने जिंकावं असं वाटत होतं. स्वतःचा आकडा चुकावा म्हणून श्वास धरून बसलेला जनमतवाला मी तोवर पाहिला नव्हता. त्या सकाळी आम्ही दोन होतो.

दहाच्या सुमारास शहरांची मतं आली. आकडा चुकला नाही, साहेब पडले. इतका बरोबर मी सबंध नोकरीत कधी ठरलो नव्हतो. को बाईंनी अर्जावर सही केली, अंदाज बरोबर आला म्हणून दुपारी सगळ्यांसाठी केक मागवला आणि सुरी कॅल्विनच्या हातात दिली. त्याने सगळ्यांना सारखे तुकडे कापून दिले.  आम्ही तो केक खाल्ला.